जाळी-आच्छादन (संगणकीय खेळांचे पडदा-विश्लेषण)

जुन्या संगणकीय खेळाच्या पडद्याचे चित्र घेऊन त्यावर ठरावीक मापाच्या उभ्या-आडव्या रेषांची पारदर्शक जाळी अंथरणे, आणि चित्रातील कोणती वस्तू जाळीच्या कोणत्या घरात बसते, कोठे रेषेला चिकटते व कोठे ती ओलांडते हे पाहून त्या पडद्याच्या रचनेचा उलगडा करणे, या पद्धतीस जाळी-आच्छादन असे म्हणतात. साधारणतः १९७८ ते १९९५ या काळातील खेळांच्या अभ्यासात ही पद्धत विशेष उपयोगी पडते. त्या काळातील बहुतेक यंत्रे पडदा बिंदूबिंदूने नव्हे, तर लहान चौकोनी घरांच्या हिशेबाने रंगवीत असत. म्हणजे जाळी मुळातच चित्राच्या पोटात असते. अभ्यासक ती केवळ दृश्य करतो.

या पद्धतीचे खरे प्रयोजन मोजमाप हे नाही. पडद्यावरील एखादी गोष्ट यंत्राच्या सक्तीमुळे तेथे आली आहे की रचनाकाराने ती जाणूनबुजून तेथे ठेवली आहे, हा भेद करणे हे तिचे प्रयोजन होय. मराठीच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट काव्याच्या उदाहरणाने लवकर उमगेल. श्लोकाच्या चरणावर लघु-गुरूच्या खुणा करून गण पाडले की, एखादा ऱ्हस्व स्वर कवीने दीर्घ का केला याचे उत्तर मिळते. ती वृत्ताची गरज असते, अर्थाची नव्हे. भुजंगप्रयातात चार य-गण बसवावेच लागतात. पण त्या बारा अक्षरांत कोणते शब्द योजायचे हे कवीच ठरवतो. जुन्या खेळाच्या पडद्यावर जाळी टाकणे हे चरणाचे गण पाडण्यासारखेच काम आहे.

== यंत्राची जाळी ==

जाळी कोठून आली हे समजण्यासाठी स्मृतीच्या टंचाईकडे पाहावे लागते. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा पडदा २५६ बिंदू रुंद व १९२ बिंदू उंच होता. प्रत्येक बिंदूस स्वतंत्र रंग द्यायचा आणि त्यासाठी चार बिट खर्च करायचे म्हटले, तर पडद्यापुरतेच २४,५७६ बाइट लागले असते. या संगणकाच्या सर्वांत स्वस्त प्रकारात एकूण कार्यस्मृती १६,३८४ बाइट होती. त्यामुळे रचनाकारांनी तडजोड केली. बिंदू पेटलेला आहे की विझलेला एवढेच बिंदूगणिक नोंदवायचे, त्यासाठी ६,१४४ बाइट. आणि रंग मात्र ८×८ बिंदूंच्या प्रत्येक घरामागे एकदाच सांगायचा, त्यासाठी ७६८ बाइट. पडद्यावर ३२ रकाने आणि २४ ओळी, म्हणजे बरोबर ७६८ घरे. प्रत्येक घरात दोनच रंग, एक शाईचा व एक कागदाचा. शिवाय उजळपणा व उघडझाप यांच्यासाठी एकेक बिट.

या तडजोडीचा परिणाम प्रत्येक खेळात दिसतो. हिरव्या झाडापुढून पिवळा मनुष्य चालत गेला की तो ज्या घरात शिरतो तेथील झाडही पिवळे होते, किंवा मनुष्यच हिरवा होतो. यास रंगसंघर्ष म्हणतात. केवळ डोळ्यांनी पाहताना तो गबाळेपणा वाटतो. ८×८ ची जाळी टाकली की रंगाचा डाग बरोबर घराच्या कडेशी थांबलेला दिसतो आणि संशय उरत नाही.

सर्व यंत्रांची जाळी मात्र एकसारखी नसते, आणि नवख्या अभ्यासकाची गफलत बहुधा येथेच होते. जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम या नावाने आलेल्या व अन्यत्र निन्टेन्डो एन्टरटेनमेन्ट सिस्टिम म्हणून विकल्या गेलेल्या यंत्रावर एकाच वेळी दोन जाळ्या असतात. पार्श्वभूमी ८×८ बिंदूंच्या फरश्यांनी बनते, अशा ३२×३० फरश्या. रंगपेटी मात्र १६×१६ बिंदूंच्या क्षेत्रास, म्हणजे चार फरश्यांच्या गटास, एकच मिळते. आकाराची जाळी बारीक आणि रंगाची जाळी तिच्या दुप्पट मोठी. या पार्श्वभूमीवरून स्वतंत्रपणे फिरणारी चित्रे, ज्यांना स्प्राइट म्हणतात, ती कोणत्याही जाळीस बांधलेली नसतात. त्यांच्यावर निराळी मर्यादा असते. एका आडव्या रेषेवर अशी आठच चित्रे दिसू शकतात. नववे आले की ते त्या रेषेवर गायब होते. त्या खेळांत गर्दीच्या वेळी शत्रू लुकलुकतात ते याचमुळे.

बीबीसी मायक्रो या संगणकाचे आणखी निराळे. त्यात पडद्याचे अनेक प्रकार निवडता येत. सर्वांत काटकसरीचा सातवा प्रकार ४० रकाने व २५ ओळींचा असून तो सुमारे एक किलोबाइटमध्ये भागे. त्यातील चित्रे प्रत्येक घराचे दोन रकाने व तीन ओळी असे सहा तुकडे करून काढलेली असतात, म्हणजे ठोकळ्यांची ८०×७५ ची जाळी. या प्रकारात रंग बदलण्याची आज्ञाही एक घर व्यापते आणि ते घर पडद्यावर सहसा रिकामे दिसते. म्हणून रंगीत मथळ्यापूर्वी नेहमी एक मोकळी जागा आढळते. ती शोभेसाठी सोडलेली नसून आज्ञेने खाल्लेली असते.

== कामाची रीत ==

पूर्वी छापील छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून किंवा चित्र आलेखकागदावर उतरवून हे काम करता येई. आता जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली, म्हणजे इम्युलेटर, वापरून पडदा मूळ मापात जतन करतात. मूळ मापास फार महत्त्व आहे. महाजालावर सापडणारी बहुतेक चित्रे ताणलेली, कापलेली किंवा दाबून लहान केलेली असतात. त्यांवर जाळी टाकल्यास पहिल्या काही घरांपर्यंत ती जुळते आणि पुढे हळूहळू सरकत जाते. चित्र मोठे करायचेच असेल तर पूर्ण पटीत करावे, दुप्पट किंवा तिप्पट, आणि बिंदूंच्या कडा गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी. गिम्प या मुक्त चित्रसंपादकात जाळीचे माप व आरंभबिंदू हवे तसे ठरवता येतात. फॅमिकॉमसाठी मेसेन या इम्युलेटरमध्ये फरश्यांची व रंगक्षेत्रांची जाळी वेगवेगळी दाखवण्याची सोय आहे.

दुसरी गोष्ट आरंभबिंदूची. नागपूरच्या वाचकास शून्य मैलाच्या दगडामुळे हे सांगावे लागू नये: अंतर कितीही अचूक मोजले तरी ते कोठून मोजले हे ठरलेले नसेल तर मोजणी व्यर्थ आहे. पडद्यावर शून्य हा वरचा डावा कोपरा असतो. पण स्पेक्ट्रमच्या चित्राभोवती एकरंगी किनार असते, आणि ती धरून जाळी टाकली तर सगळीच घरे चुकतात. किनार काढूनच मोजावे. स्पेक्ट्रमवर आडवा १०० वा आणि उभा ७५ वा बिंदू घेतला, तर आठने भागून रकाना १२ व ओळ ९ मिळते. बाकी अनुक्रमे ४ व ३, म्हणजे घराच्या आतील जागा. रंगाची नोंद स्मृतीत २२,५२८ या पत्त्यापासून सुरू होत असल्याने या घराचा रंग २२,५२८ + (३२ × ९) + १२, म्हणजे २२,८२८ या पत्त्यावर सापडतो. चित्रातील घर आणि स्मृतीतील पत्ता असा परस्परांशी पडताळता येणे, हेच या पद्धतीचे बळ आहे. तर्क तपासून पाहता येतो.

पार्श्वभूमी सरकत असेल तर जाळीही तिच्याबरोबर सरकते, त्यामुळे अशा खेळाचे एकच चित्र पुरत नाही. लागोपाठची पाच-सहा चित्रे घेऊन, जमिनीची किंवा भिंतीची कड कोठे पडते ते पाहून जाळी आडवी हलवावी लागते. जे घटक जाळीबरोबर सरकत नाहीत ते एकतर स्प्राइट असतात किंवा पडद्याचा मुद्दाम स्थिर ठेवलेला भाग.

== काही पडदे ==

मॅनिक मायनर हा मॅथ्यू स्मिथ यांचा १९८३ मधील स्पेक्ट्रमवरील खेळ या पद्धतीने शिकण्यास सर्वांत सोयीचा आहे. खाणकामगार विली वीस गुहांतून किल्ल्या गोळा करीत जातो. प्रत्येक गुहा ३२ रकाने आणि १६ ओळींची असते. खालच्या आठ ओळींत गुहेचे नाव, उरलेल्या हवेची पट्टी, गुण आणि शिल्लक जीव. आज्ञावलीत प्रत्येक गुहेस १,०२४ बाइट दिलेले असून त्यांपैकी पहिले ५१२ हे त्या ५१२ घरांचे रंगच आहेत. जमीन, भिंत, काटे, पायाखाली खचणारी माती हे सर्व प्रकार आज्ञावली रंगाच्या नोंदीवरूनच ओळखते. म्हणजे या खेळात रंग ही सजावट नाही, तोच नकाशा आहे. दोन निराळ्या वस्तूंना अगदी एकच रंगनोंद देण्याची मुभा रचनाकारास नव्हती. ही गोष्ट लक्षात आली की, एखाद्या गुहेतील भडक व विजोड वाटणारी रंगसंगती अभिरुचीच्या निकषावर जोखणे किती अन्यायाचे आहे ते कळते. पुढच्याच वर्षीच्या जेट सेट विलीमध्ये स्मिथ यांनी प्रत्येक खोलीची रचना घरामागे दोन बिट अशी १२८ बाइटमध्ये बसवली. त्यामुळे खोल्यांची संख्या खूप वाढवता आली, पण प्रत्येक खोलीत या रीतीने मांडता येणारे घरांचे प्रकार चारच उरले.

पॅक-मॅन (नामको, १९८०) या खेळात जाळी नुसत्या चित्रात नाही, पात्रांच्या बुद्धीतही आहे. उभ्या पडद्यावर ८×८ बिंदूंच्या २८ रकाने व ३६ ओळी असून वरच्या तीन ओळी गुणांसाठी व खालच्या दोन शिल्लक जीव व फळांसाठी राखलेल्या असतात; चक्रव्यूहाच्या वाट्यास ३१ ओळी येतात. त्यात २४० ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या. पॅक-मॅन व भुते ही एका घराहून बरीच मोठी दिसतात, तथापि खेळाच्या लेखी ती एकाच घरात असतात, ज्या घरात त्यांचा मध्यबिंदू आहे त्या. लाल भूत पॅक-मॅन असलेल्या घराचा वेध घेते. गुलाबी भूत त्याच्या तोंडासमोरील चौथ्या घराचा. पॅक-मॅन वर पाहत असला की मात्र आज्ञावलीतील त्रुटीमुळे ते घर चार घरे वर आणि चार घरे डावीकडे असे तिरके जाते. नारिंगी भूत आठ घरांहून दूर असेल तर पाठलाग करते, जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. जाळीवर ही लक्ष्यघरे आखून पाहिली की, भुतांची जी चाल लहरी वाटत होती ती पूर्णतः नियमबद्ध असल्याचे दिसते.

टक्कर झाली का हेही घरावरूनच ठरते: दोघांचे घर एक झाले तर पॅक-मॅन मेला. पण दोघे समोरासमोर येत असताना एकाच क्षणी आपापली घरे बदलतात, तेव्हा ते कधीच एका घरात नसतात, आणि पॅक-मॅन भुताच्या अंगातून आरपार निघून जातो. खेळणाऱ्यास हा चमत्कार वाटतो, यंत्र बिघडल्याचा संशयही येतो. जाळी टाकलेली दोन लागोपाठची चित्रे शेजारी ठेवली की त्याचे कारण कोणासही समजावून देता येते.

सुपर मारिओ ब्रदर्स (निन्टेन्डो, १९८५) मध्ये सक्ती आणि निवड यांतील भेद फार स्वच्छ दिसतो. विटा व प्रश्नचिन्हाचे ठोकळे १६×१६ बिंदूंचे आहेत. रंगपेटीचे क्षेत्रच तेवढे असल्याने ही यंत्राची सक्ती म्हणता येईल. पडद्याच्या रुंदीत असे सोळा ठोकळे मावतात. परंतु पहिल्या टप्प्यात जमीन आणि प्रश्नचिन्हाचा पहिला ठोकळा यांमध्ये तीन ठोकळ्यांची पोकळी आहे, आणि त्या ठोकळ्याच्या वर पुन्हा तीन ठोकळ्यांची पोकळी सोडून दुसरा मजला आहे. दर चौथ्या ओळीवर मजला, हे यंत्राने सांगितलेले नाही. मारिओची उडी साधारण चार ठोकळे उंच जाते, तिच्याशी हे अंतर बांधलेले आहे. खालच्या मजल्यास डोक्याने धडक देता यावी, त्यावर चढता यावे, आणि तेथून वरच्या मजल्यास पुन्हा तशीच धडक देता यावी. ही रचनाकारांची निवड. शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी हे टप्पे चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने आखले होते, आणि ते कागद निन्टेन्डोने पुढे जाहीरपणे दाखवले; त्यामुळे येथे अभ्यासकाची जाळी आणि रचनाकाराची जाळी एकच होती हे निर्विवाद आहे. याच खेळातील ढग आणि झुडपे यांचा आकार एकच असून फक्त रंगपेटी निराळी आहे, हे बहुतेकांस जाळीशिवाय लक्षात येत नाही. एकाच फरशीचा दोनदा उपयोग करून स्मृती वाचवल्याचे ते उदाहरण आहे.

टेट्रिसचा प्रवास याहून थोडक्यात सांगता येतो. अलेक्सेइ पाझित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत हा खेळ इलेक्ट्रॉनिका-६० या संगणकावर तयार केला. त्यावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले होते. खेळाची विहीर दहा घरे रुंद व वीस घरे खोल असा प्रघात पडला. मात्र १९८९ च्या गेम बॉय यंत्रावर ती अठराच घरे खोल आहे. कारण त्या यंत्राचा पडदा १६०×१४४ बिंदूंचा, म्हणजे २०×१८ फरश्यांचा आहे. एक घर म्हणजे एक फरशी ठेवल्यावर विहीर पडद्याच्या माथ्यापासून तळापर्यंत भिडते आणि तरीही दोन ओळी कमी पडतात. भारतात १९९० च्या दशकात बाजारात आणि जत्रांत मिळणारा, ‘ब्रिक गेम’ म्हणून ओळखला जाणारा हातातला खेळ अनेकांच्या स्मरणात असेल. त्याच्या काचेवर १०×२० चौकोन कायमचे कोरलेले असत आणि उन्हात तिरके धरल्यास न पेटलेले चौकोनही दिसत. मोटारीची शर्यत असो की रणगाडा, सर्व त्याच दोनशे चौकोनांत. ज्यावर जाळी टाकण्याची गरजच नाही असा हा पडदा, आणि वर्गात विषय समजावण्यास त्याहून चांगले साधन नाही.

== चुकीची जाळी ==

या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष तिच्या सोपेपणात आहे. कोणत्याही चित्रावर कोणतीही जाळी टाकली तरी काही ना काही जुळतेच. छायाचित्रणातील तिहाईचा नियम किंवा सुवर्णगुणोत्तराची सर्पिल रेषा जुन्या खेळांच्या चित्रांवर ओढून रचनाकारांच्या सौंदर्यदृष्टीचे पुरावे देण्याची एक टूम आहे. तिच्याकडे सावधपणे पाहावे.

मॅनिक मायनरचेच उदाहरण घेऊ. पडद्याची उंची तीन समान भागांत विभागली तर रेषा बरोबर आठव्या व सोळाव्या ओळीच्या शेवटी पडतात, आणि गुहेचा तळ नेमका दुसऱ्या रेषेवर आहे. तिहाईचा नियम पाळला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु स्पेक्ट्रमच्या स्मृतीतच पडदा ६४-६४ बिंदूरेषांच्या तीन भागांत साठवलेला असतो, प्रत्येकी २,०४८ बाइट. कॅसेटवरून चित्र चढताना ते एकेका तृतीयांशात, तेही एक रेषा काढून सात सोडून असे का भरत जाते, याचे कारण हीच मांडणी. खेळाचा भाग वरच्या दोन तृतीयांशांत आणि माहितीचा भाग उरलेल्या एकात ठेवल्याने आज्ञावलीचे काम सोपे होते. या दोन स्पष्टीकरणांत निवड कशी करावी? उभ्या रेषा तपासाव्यात. तिहाईच्या उभ्या रेषा ३२ रकान्यांस तीनने भागून येतात, म्हणजे अकराव्या रकान्याच्या मध्ये कोठेतरी, घराच्या पोटात. त्या रेषांशी गुहांमधील वस्तूंचा काहीही संबंध आढळत नाही. ज्या नियमाची आडवी अर्धी बाजूच तेवढी जुळते आणि तिलाही यंत्राकडून दुसरे पुरेसे कारण आहे, तो नियम रचनाकाराच्या नावावर मांडता येत नाही.

काही खेळांना चौकोनी जाळी अपुरी पडते. अल्टिमेट प्ले द गेम या संस्थेच्या नाइट लोअर (१९८४) मध्ये खोली तिरकी, कोपऱ्यावर उभी राहून पाहावी तशी काढली आहे. तिच्यातील ठोकळ्यांची स्थाने शंकरपाळ्याच्या आकाराच्या घरांची जाळी टाकल्यावरच स्पष्ट होतात, ८×८ च्या जाळीवर ती अस्ताव्यस्त दिसतात. पण चौकोनी जाळी तेथेही निरुपयोगी नाही: तिरक्या वस्तू चौकोनी रंगघरांना सतत छेदणार हे ओळखून कर्त्यांनी प्रत्येक खोली एकाच रंगात रंगवली, हे त्या दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्यानंतरच कळते. बीबीसी मायक्रोवरील एलीट (१९८४) या अंतराळ-व्यापाराच्या खेळात डेव्हिड ब्रेबन व इयन बेल यांनी पडद्याचे दोन भाग करून वरच्या भागात बारीक बिंदूंचा दुरंगी व खालच्या उपकरणफलकात दुप्पट रुंद बिंदूंचा चौरंगी प्रकार योजला. तेथे वर व खाली निरनिराळ्या मापाची जाळी घ्यावी लागते. एकच जाळी संपूर्ण पडद्यावर ओढणारा अभ्यासक अर्ध्या चित्राविषयी चुकीचे बोलतो.

== भारतातील यंत्रे आणि दूरचित्रवाणी संच ==

भारतातील खेळणाऱ्यांनी पाहिलेला पडदा परदेशी पुस्तकांतील चित्रांशी नेहमीच जुळत नाही, हे येथील अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे. स्पेक्ट्रम+ या प्रकाराची परवानाप्राप्त आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने १९८६ मध्ये ‘डीबी स्पेक्ट्रम+’ या नावाने आणली. बीबीसी मायक्रो शाळांत पोहोचला तो १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून. पहिल्या टप्प्यात २५० शाळा निवडल्या होत्या. फॅमिकॉमची अधिकृत आवृत्ती येथे ‘समुराई’ या नावाने आली, तथापि घरोघरी ‘टीव्ही गेम’ म्हणून ज्या जोडल्या गेल्या त्या बहुतांशी तिच्या स्वस्त नकला होत्या.

ही यंत्रे घरातल्या दूरचित्रवाणी संचास जोडली जात, आणि भारतातील प्रक्षेपणपद्धती तेव्हा पाल ही होती, सेकंदास ५० क्षेत्रे व ६२५ रेषांची. अमेरिका व जपान येथील एनटीएससी पद्धतीत फॅमिकॉमच्या २४० रेषांपैकी वरच्या व खालच्या सुमारे आठ-आठ रेषा, म्हणजे फरशीची एकेक ओळ, संचाच्या कडेआड जात. रचनाकार त्या ओळींत महत्त्वाचे काही ठेवीत नसत. पाल संचावर त्या रेषाही दिसतात. बिंदूचा आकारही बदलतो. एनटीएससीवर तो चौरसाहून थोडा रुंद, ८:७ या प्रमाणात असतो; पालवर त्याहून बराच रुंद. त्यामुळे १६×१६ चा ठोकळा येथील काचेवर चौरस दिसत नव्हता, आडवा दिसत होता. अभ्यासकाने मोजणी चौरस बिंदूंवर करावी. पण गोल गोलच काढला होता का, पात्र बुटके का दिसते, असे रूपाविषयीचे प्रश्न असतील तर चित्र व जाळी दोन्ही त्या त्या पद्धतीच्या प्रमाणात ताणून मगच मत द्यावे.

शिवाय अँटेनाच्या खोबणीतून आलेले चित्र धूसर असे. शेजारचे बिंदू एकमेकांत मिसळत, आणि कुशल चित्रकार एकाआड एक बिंदू पेटवून त्या धूसरपणातून तिसऱ्या छटेचा भास निर्माण करीत. आजच्या पडद्यावरील धारदार चित्रात ती छटा नाहीशी होऊन बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उरते. जाळी त्या नक्षीचे मोजमाप अचूक करील, परंतु खेळणाऱ्याने ती नक्षी पाहिलीच नव्हती.

== देवनागरी आणि आठ ओळींचे घर ==

या यंत्रांवर मराठीतून खेळ का झाले नाहीत, यास बाजारपेठेची कारणे आहेतच. पण एक कारण जाळीवर मोजता येते. रोमन अक्षर ८×८ च्या घरात सुखाने बसते, कारण बहुतेक अक्षरांना वर-खाली जोड नसतात. ‘मूर्ती’ हा शब्द त्याच घरांत बसवून पाहावा. ‘मू’ला खाली उकार हवा, ‘र्ती’ला वर वेलांटी आणि रफार हवा, आणि दोन्ही अक्षरांची शिरोरेषा एकाच पातळीवर हवी. वर दोन ओळी, शिरोरेषेस एक, खाली दोन असा हिशेब केला तर अक्षराच्या अंगास तीन ओळी उरतात. तीन ओळींत म आणि भ यांतील, किंवा घ आणि ध यांतील फरक दाखवणे अशक्यप्राय आहे. दोन घरे एकावर एक ठेवून सोळा ओळी घेतल्या तर अक्षर वाचनीय होते, मात्र २४ ओळींच्या पडद्यावर मजकुराच्या बाराच ओळी राहतात.

संख्येची अडचण निराळीच. वापरणाऱ्यास स्वतः घडवता येतील अशी २१ चिन्हे स्पेक्ट्रमवर होती. संपूर्ण अक्षरसंचच बदलला तर ९६. व्यंजने, स्वर, मात्रा, अर्धी अक्षरे आणि नेहमीची जोडाक्षरे इतक्यांत मावत नाहीत, विशेषतः प्रत्येक अक्षरास दोन घरे लागत असतील तर. शिरोरेषा मात्र येथे मदतीला येते. ती एका घरातून दुसऱ्यात अखंड जात असल्याने घरांमधील शीव झाकली जाते, आणि अक्षरे तुटक दिसण्याचा दोष देवनागरीत रोमनपेक्षा कमी जाणवतो. वैयक्तिक संगणकांच्या ८० रकाने व २५ ओळींच्या मजकूर-पडद्यावर भारतीय लिप्या आणण्याचे काम जिस्ट तंत्राने केले. त्याचा आरंभ कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला आणि पुढील विकास १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत. त्यासाठी संगणकात स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. मूळ यंत्राच्या जाळीत देवनागरी सामावत नव्हती, म्हणून जाळीच बदलण्याची ती सोय होती.